नेमाण्णाचा रस्त्याचा पडदा

बेळगावात बघण्यासारखं काय आहे, असं नाक मुरडून विचारणारे लोक मला जन्मभर भेटत आले. त्यांना एक दिवस नेमाण्णाच्या हवाली करायला हवं होतं. संध्याकाळी पाय चोळत, हात जोडत परत आले असते.

नेमाण्णा भेटला की "कसा हायस?" असं कधी विचारायचा नाही. "बघितलास?" असं विचारायचा. काय, ते आपण आठवायचं, कारण मागच्या भेटीत त्यानं सांगितलेलं असायचं. कॅम्पातल्या चर्चच्या रंगीत काचा दुपार कलल्यावरच बघायच्या, पश्चिमेचं ऊन शिरलं की. सकाळी त्या नुसत्या काचा. किल्ल्यातल्या बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, छताला दगडाचं कमळ आहे, ते मान वर करून बघणारा गाढव. खाली उताणं पडून बघायचं. शहापुरात विणकरांनी निळं सूत वाळत घातलं की ते ओलं आहे तोवर बघायचं. बोलता बोलता रंगात आला की कानडीत घसरायचा. "नोड, नोड!" म्हणजे बघ, बघ. आणि आपण बघेपर्यंत दंड सोडायचा नाही.

हिंडलग्याच्या तुरुंगाची भिंतसुद्धा त्याच्या यादीत होती. मावळतीचं ऊन तिच्यावर पडतं तेव्हा ती पिकल्या पेरूच्या आतल्या रंगाची होते, असं तो सांगायचा. चळवळीचे दिवस होते. मी म्हटलं, "नेमाण्णा, लई वेळ उभा ऱ्हाऊ नगंस तिथं. आतनंच दाखवतील."

"आतनं तिच्यावर ऊन पडत नसंल, आप्पा," तो म्हणाला. चेष्टा केल्याचं त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्याच्या नादानं मी एकदा त्या बस्तीत उताणा पडलो. मला फेफरं आलं असं वाटून पुजारी कांदा आणायला पळाला. पण कमळ दिसलं, आणि नेमाण्णा म्हणाला होता तसंच दिसलं. त्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरं निघायचं, हीच तर माझी खरी चीड आहे. लोक त्याला हसायचे, त्यानं सांगितलेलं बघून यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते आपणच शोधून काढल्यासारखं तिसऱ्याला सांगायचे.

तो बोरगावचा, जैन शेतकऱ्याच्या घरचा. जमीन भावांवर सोडून कुंचला घेऊन बाहेर पडला तो पडलाच. नोकरी कधी केली नाही. निपाणीच्या बिडीवाल्यांना पुड्यावरची चित्रं काढून द्यायची, शहापूरच्या विणकरांना लुगड्याचे काठ काढून द्यायचे, कॅम्पातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, आणि नाटक मंडळ्यांचे पडदे. पडदे हा त्याचा जीव. बाकीचं पोटासाठी.

माझी त्याची गाठ पडद्यावरूनच पडली. माझं कॅम्पात शिवणाचं दुकान. गोऱ्या सोजिरांच्या खाकी विजारी शिवून शिवून माझं डोकंही खाकी झालं होतं. नाटकाच्या पडद्याला मांजरपाटाचे पट्टे एकमेकांना जोडावे लागतात, आणि तो जोड समोरून दिसता कामा नये. नेमाण्णाला पसंत पडेल असा जोड अख्ख्या बेळगावात मीच घालत होतो. हे मी सांगत नाही, तो सांगायचा. दुकानात आला की माझ्या इस्त्रीच्या टेबलावर बसायचा, कितीही सांगितलं तरी तिथंच. आधी हातात सध्या कुठलं काम आहे ते, मग मी काय काय बघून यायचं ते. मग दाराबाहेरच्या सावलीकडे लक्ष गेलं की ताडकन उठायचा.

"चललो रं. घरात ताट वाढलेलं असंल."

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या जैनांचा नेम. शेजारचे दुकानदार म्हणायचे, बायकोला भितोय. भीत नव्हता. तेवढ्या लगबगीनं घरी जावंसं वाटणारा नवरा त्यांनी पाहिला नव्हता, एवढंच.

बिडीच्या वाघाची गोष्ट निपाणीत पुष्कळांना ठाऊक होती. एका बिडीवाल्याला पुड्यावर वाघ हवा होता. नेमाण्णानं वाघ काढला तो जांभई देणारा. शेठ भडकला. "वाघ हाय का मांजर? डरकाळी कुठं हाय?"

नेमाण्णा शांतपणे म्हणाला, "शेठ, बिडी वढणारा माणूस दमून आलेला असतोय. त्येला डरकाळी कशाला दाखवताय?"

चित्र परत आलं. वर्ष सरलं नाही तोच त्याच शेठच्या पुड्यावर जांभई देणारा वाघ आला, दुसऱ्या कुणाकडून स्वस्तात काढून घेतलेला. माझं रक्त तापलं. मी पुडा नेमाण्णापुढं आपटला. त्यानं तो उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "कान चुकलाय. पर जांभई आलीया, आप्पा. बघितलास?" आणि पुढं महिनाभर भेटेल त्याला तो चोरीचा वाघ बघायला सांगत फिरला. अशा माणसाचं भलं कोण करणार आणि कसं करणार?

आता सरसाचं सांगायला हवं. पडद्याचा रंग कापडाला धरून राहावा म्हणून रंगारी त्यात सरस घालतात. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला डिंक. नेमाण्णा त्याला शिवत नव्हता. तो रंग कालवायचा चिंचोक्याच्या खळीत, आणि ती खळ करायची त्याची बायको, पद्माक्का. चिंचोके भाजायचे, साली काढायच्या, दळायचे, आणि पितळी तपेलीत गुठळी होऊ न देता तासन् तास ढवळायचे. तपेली तिच्या माहेरची. ठेंगणी, कमी बोलणारी बाई. डोळ्यांत जरब. खळ पातळ झाली तर ती नेमाण्णाच्या हातात देत नसे. ओतून टाकून पुन्हा करायची.

खळीचा रंग दिसायचा मात्र देखणा. मऊ, धुतल्यासारखा. पण टिकायचा नाही. पडदे रोज गुंडाळायचे, रोज सोडायचे, बैलगाडीतून गावोगाव न्यायचे. रंगाला भेगा जायच्या आणि पोपडे सुटायचे. एकदा एका मंडळीच्या ऐन रंगलेल्या प्रवेशात वाऱ्याचा झोत आला आणि नेमाण्णाच्या बागेची हिरवी पानं सुटून नायिकेच्या घामेजल्या तोंडावर चिकटली. नायिकेचं काम करणाऱ्या पुरुषानं फूऽऽ करून एक पान ओठावरून उडवलं. लोक पोट धरून हसले. तेव्हापासून मंडळ्यांत त्याचं नाव 'पानगळ' पडलं. त्याच्या समाजातले बडे लोक त्याच्या नेमाचं कौतुक करायचे, पण घराच्या भिंतीवर चित्रं लावायचे ती छापील, बाहेरून आणलेली. कौतुकाला काही पडत नाही ना, म्हणून.

आणि मग एक नाटक मंडळी आली. मंडळीच्या मालकाला विणकराच्या घरातलं एक सामाजिक नाटक करायचं होतं आणि त्याला रस्त्याचा पडदा हवा होता. नेहमीचे खांब आणि कमानी नकोत, खराखुरा विणकरांचा रस्ता. नेमाण्णा किती वर्षं याचीच वाट बघत होता! शहापुरातली एक बारकी गल्ली त्यानं डोळ्यांनी पाठ केली होती. कुठला उंबरा झिजलाय, कुठल्या भिंतीचा चुना कुठं उडालाय, सगळं. मालकानं कच्ची चित्रं पाहिली आणि म्हणाला, "चित्र तुझंच पायजे. खळ नको. सरस घालत असशील तर बोल."

दुसऱ्या दिवशी नेमाण्णा दुकानात आला तो टेबलावर न बसता उभाच राहिला.

"आप्पा, माझा हात कसा हाय म्हणून कुणी इचारलं तर दाखवायला काय हाय माझ्याकडं? सगळं गळालं."

"म्हणून?"

"एकदाच. एक तरी टिकावं."

"आन घरात काय सांगशील?"

"आधी सांगत न्हाय. पुरा झाला की दाखवतो. एकदा बघितल्यावर राग ऱ्हातोय का माणसाचा?"

हीच त्याची चूक. अख्ख्या गावाला बघा बघा म्हणत फिरलेला माणूस. नीट बघितलं की माणूस विरघळतोच, याच्यावर त्याची देवासारखी श्रद्धा. मी त्याला सांगितलं की बायका पडद्यामागचं आधी बघतात. त्यानं ऐकलं नाही.

पडद्याच्या वरच्या काठीचा नेफा नीट बसेना, म्हणून एका सकाळी मी त्याच्या घरी गेलो. नेमाण्णा मागच्या छपरात रंगवत होता. पुढं पद्माक्का उंबऱ्यावर बसली होती आणि समोरच्या उकिरड्यात पितळी तपेली उन्हात चमकत होती. घासूनपुसून लख्ख केलेली.

मी म्हटलं, "आक्का, तपेली बाहेर पडलीया."

"पडली न्हाय. टाकलीया."

वासावरूनच मला काय ते कळलं. घाईत दुसरं भांडं हाताला लागलं नसेल, त्यानं सरस तिच्याच तपेलीत शिजवला होता. मी सारवासारव करायला गेलो. म्हटलं, एकदाच केलंय, मालकाची अट होती, धर्म काय एवढ्यानं बुडतो का?

"धर्म हायच, आप्पा," ती म्हणाली. "त्येचं ह्येनी आन त्यो देव बघून घेतील. पर ती खळ माझी हुती. हाताची सालं गेली माझ्या, कधी बोलले न्हाय. त्या पडद्यांत माझं तेवढंच हुतं." तपेलीकडं बघत म्हणाली, "गळायचं ते गळायचं. दोघांचं गळायचं."

मी नेफा शिवला आणि घरी आलो.

पडदा पुरा झाला तेव्हा एका दुपारी शहापूरच्या थेटरात तो टांगून बघायचं ठरलं. नेमाण्णानं विणकरांच्या गल्लीला आवतण दिलं. मीही गेलो. दोर सुटला, पडदा उलगडत खाली आला, आणि मी स्वतः घातलेले जोड मला सापडेनात. समोर ती गल्ली होती. निळं सूत ओलं होतं. पाणी टपकून खालची माती काळी पडली होती. एका दारात कुत्रं झोपलं होतं आणि त्याच्या पलीकडच्या उघड्या दारात एक बाई पाठमोरी उभी राहून चुलीवरच्या तपेलीत काहीतरी ढवळत होती. बाकीची दारं विणकरांची, हे दार मात्र त्या गल्लीत कुठंच नव्हतं. खांद्याच्या ठेवणीवरून मी तिला ओळखलं. मीच काय, पद्माक्काला एकदा पाहिलेल्या कुणीही ओळखलं असतं.

विणकर एकेक दार बोटानं दाखवत होते. "ह्ये आमचं! ह्ये तुमचं!" एक म्हातारी पुढं होऊन स्वतःच्या उंबऱ्यावरून हात फिरवायला गेली. तिला मालकानं हटकलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. खाकी शिवणाऱ्या माणसाच्या नशिबी असं काही बघणं क्वचितच येतं.

नेमाण्णा मात्र पडद्याकडं बघत नव्हता. पहिल्या रांगेत मधोमध त्यानं एक खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि तो थेटराच्या दाराकडं बघत होता. लोक पांगले, पडदा वर गेला, तरी तो तिथंच.

पद्माक्का आली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढं नाटक लागलं तेव्हाही नाही. तिनं भांडण केलं नाही की माहेरी गेली नाही. खळ करायची मात्र बंद झाली. त्याचं ताट घरात वाढायची ते पडवीत वाढू लागली. ताट ठेवायची, वर परात पालथी घालायची, आत जाऊन दार ओढून घ्यायची. एवढंच. तेव्हापासून नेमाण्णा माझ्या टेबलावर अंधार पडेतो बसू लागला. दाराबाहेरच्या सावलीकडे तो बघेनासा झाला. मी म्हणायचो, "जा की, जेवायची येळ झाली." तो म्हणायचा, "झाकलेलंच असतंय रं. कवा बी जेवलं तर काय?"

बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचं दिवाळं वाजलं. तीही मंडळी मोडली, सामान कुठल्या कुठं गेलं. बिडीच्या पुड्यांवर बाहेरून छापून आलेली चित्रं बसली. विणकरांना काठाचे नमुने आयते मिळू लागले. नेमाण्णाला काम उरलं नाही. ज्या गावाला त्यानं डोळे दिले, त्या गावाला त्याची आठवण पाटी पुसट झाली की यायची, आणि तीही घासाघीस करायला. शेवटी निपाणीला पद्माक्काच्या भावाची तंबाखूची वखार होती, तिथं दोघं जाऊन राहिली. मेहुण्याच्या दारात जाणं काय असतं, ते गेलेल्यालाच कळतं.

लढाई संपल्यावर एकदा निपाणीच्या एका घरचे लग्नाचे कोट पोचवायला मी सर्व्हिस मोटारीनं गेलो. काम उरकलं आणि दुपार कलताना वखार शोधत निघालो. वखारीच्या आवारात तंबाखूच्या बोदांची, म्हणजे गाठोड्यांची, मोठी थप्पी लागली होती आणि तिच्यावर एक जाड, ताठ कापड दोरांनी आवळून बांधलेलं होतं. मी जवळ गेलो. आधी मला चित्र दिसलं नाही. आधी दिसला जोड. स्वतःच्या हाताचा टाका माणूस आंधळा झाला तरी विसरत नाही.

पद्माक्काचा भाऊ बाहेर आला. मी कापडाकडं बघतोय हे बघून खुलला.

"लिलावात घेतलो. सरसाचं हाय, वर तुरटी मारलीया. दंव न्हाय, पावसाचं चार थेंब न्हाय, काय आत जाऊ देत न्हाय. नुसत्या मांजरपाटाचं काम न्हाय ह्ये." मग हसून म्हणाला, "आमच्या पाव्हण्याचंच काम. घरातलं घरातच आलं की!"

रंगाच्या बाजूनं पाणी चांगलं निथळतं, म्हणून ती बाजू वर. निळं सूत आभाळाकडं तोंड करून पसरलं होतं. कावळ्यांनी शिटलेलं होतं. ह्या गृहस्थाच्या घरात सरसाला जागा नव्हती, पण वखारीत धर्माला कोण विचारतंय! दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. दिल्या नाहीत. रामराम म्हणालो.

नेमाण्णा फाटकाशी स्टुलावर बसला होता, थप्पीकडं पाठ करून. राखणीचं काम. केस पांढरे, बोटं मात्र तशीच लांब. मला बघून उठला, हात धरला.

"आप्पा, बघितलास?"

"बघितलो."

"टिकला," तो म्हणाला. "एक तरी टिकावं म्हटलो हुतो न्हवं. लई टिकला."

त्याच्यापुढं बसवेना, म्हणून पाणी पिण्याच्या निमित्तानं मी आवारातल्या विहिरीवर गेलो. तिथं पद्माक्का घागर भरत होती. वाकली होती, पण डोळ्यांतली जरब होती तशीच. मला ओळखलं. इकडचं तिकडचं झालं. मला राहवलं नाही. म्हटलं, "आक्का, आता तरी बघितला का पडदा?"

तिनं घागर काठावर ठेवली.

"आणला त्याच दिवशी बघितला. दारातली ती बाई मी हाय. चुलीवरची तपेली बी माझीच हाय." ती थप्पीकडं बघत होती. "माझ्याच तपेलीतल्या सरसानं मला रंगवलंय, आप्पा. खळीत रंगवलं असतं तर दोन पावसांत गेले असते, सुटले असते. आता जात बी न्हाय. रोज पाण्याला येते, रोज हुबी असते तिथं."

"चांगली काढलीया हो, आक्का. लई चांगली."

"व्हय," ती म्हणाली. "चांगली काढलीया. म्हणून तर." तिनं घागर कडेवर घेतली आणि गेली.

मी फाटकाशी परत आलो. नेमाण्णा मान न वळवता बसला होता, पण त्यानं आम्हाला बोलताना पाहिलं असावं.

"काय म्हणाली?"

"पडदा बघितलाय म्हणाल्या."

त्यानं मान वळवली. मग हळूच म्हणाला, "बघितलाय?"

"आणला त्याच दिवशी. चांगली काढलीया म्हणाल्या."

नेमाण्णा उभा राहिला. फाटकाची सावली रस्त्यावर पार लांब गेली होती. तिच्याकडं बघून तो चपापल्यासारखा झाला.

"दिवस मावळाय लागला की रं, आप्पा! चललो. ताट वाढलेलं असंल." आणि निघालाच, पूर्वी माझ्या दुकानातून निघायचा तसा, धोतराचा सोगा हातात धरून.

घर रस्त्यापलीकडंच होतं. फाटकातून मला त्याची पडवी दिसत होती. पडवीत ताट होतं, वर परात पालथी घातलेली. दार ओढून घेतलेलं. नेमाण्णा जाऊन ताटासमोर बसला. त्यानं परात काढली नाही. ऊन पायरीवरून उतरलं तरी तो त्या दाराकडं बघत बसला होता.